उलट बसवलेला खांदा

माझ्या चाकाच्या खुर्चीच्या पाठीवर मी एका रिक्षा रंगवणाऱ्याकडून गुजरातीत लिहून घेतलं होतं, 'धक्को मारवो नहीं.' सुरतेतली माणसं दयाळू. खुर्चीतला माणूस दिसला की न विचारता मागून ढकलायला लागतात, आणि तुम्हाला जायचं असतं डावीकडे तर उजवीकडच्या देवळापर्यंत नेऊन सोडतात, पुण्य घेऊन निघून जातात. त्यांच्यासाठी ती पाटी आहे असं मी सांगायचो. खरं म्हणजे ती जाहिरात होती. या माणसाला कोणाची गरज नाही, हे मागून येणाऱ्यालासुद्धा वाचता यावं म्हणून.

पंचविशीत पलसाण्याच्या एका रंगाई कारखान्यात कापडाचे तागे रचताना माळ्यावरून पडलो आणि कंबरेखालचं अंग गेलं. अमळनेरहून येऊन तीन वर्षं झाली होती, लग्नाला आठ महिने. बायको माहेरी निघून जाईल अशी सगळ्यांची अटकळ होती. ती गेली नाही, आणि का गेली नाही हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही. पुढे पर्वत पाटियाच्या एका कापड मार्केटमध्ये एका शेठच्या दुकानात साड्या तपासायचं काम मिळालं. टेबलावर साडी पसरायची, डाग, तुटलेला धागा, छपाईत सरकलेली नक्षी शोधायची आणि बाजूला काढायची. दुसऱ्याच्या चुका काढायच्या या कामात माझं मन चांगलं रमलं.

पाय गेल्यावर माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. मी दंड मिरवले. दुकान पहिल्या मजल्यावर, आणि वर जायला पार्सलच्या हातगाड्यांसाठी केलेला लांब उतार. त्यावरून मी रोज स्वतःची चाकं स्वतः फिरवत चढायचो. वर दमलेलो नाही असं दाखवण्यासाठी पोचल्या पोचल्या कोणाशी तरी बोलायला सुरुवात करायचो. धाप लागलेली असल्यामुळे ती वाक्यं फार छोटी असत. हमाल मला पहेलवान म्हणायचे. ते थट्टेनं म्हणत असतील ही शंका मला इतक्या वर्षांत एकदाही आली नाही.

कतारगामला माझा एक मित्र आहे, पूर्वी हिरे घासायचा. पाठीच्या कण्याच्या आजारानं तोही खुर्चीत आला. त्यानं चारेक वर्षांपूर्वी बॅटरीवर चालणारी खुर्ची घेतली, तेव्हा मी चार माणसांत त्याला म्हणालो, वरातीत बसल्यासारखा दिसतोस, फक्त घोडा नाही. तो हसला. म्हणाला, तुझा खांदा दुखायला लागला की बोलू.

खांदा तेव्हाही दुखत होता. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

सुरुवात उजव्या बाजूनं झाली. आधी त्या कुशीवर झोपता येईना. मग फळीवरचा चहाचा डबा खाली घेता येईना, तेव्हा मी डबा खालीच ठेवलेला बरा, मुंग्या लागत नाहीत, असं काहीतरी शास्त्र काढलं. भांग पाडताना हात वर जाईना म्हणून पन्नाशी उलटल्यावर भांगाची बाजू बदलली. बायकोनं विचारलं तर म्हणालो, आता अशीच फॅशन आहे. नंतर कळलं की तिनं सगळं टिपून ठेवलं होतं. डबा, भांग, शर्टात आधी कोणता हात घालतो ते, आणि मलमाच्या नळ्या किती दिवसांत संपतात तेही.

मला डॉक्टरकडे बायकोनं नेलं नाही, उतारानं नेलं. त्या सकाळी अर्ध्या वाटेवर चाकाला जोर दिला आणि खांद्यात असं काही झालं की हात आपोआप सुटला. एका हातानं चाक धरलं तर खुर्ची गोल फिरते, हे मी नव्या लोकांना नेहमी शिकवायचो. आता ते करून दाखवलं. गोल फिरून उलटा उताराखाली गेलो आणि रचलेल्या पार्सलांच्या ढिगात घुसलो. वरची चार-पाच पार्सलं माझ्यावर आली. हमालांनी आधी पार्सलं काढली, मग मला. एकानं विचारलं, पहेलवान, लागलं का? मी म्हणालो, ब्रेक तपासत होतो.

डॉक्टर चाळिशीचे, हळू बोलणारे गुजराती गृहस्थ होते. त्यांनी एक्स-रेचे फोटो पाहिले, माझा हात धरून इकडे तिकडे फिरवला, आणि फोटो परत पाहिले. मग म्हणाले, "काका, तमे हाथथी चालो छो." तुम्ही हातांनी चालता. मला ही स्तुती वाटली आणि मी मान हलवली. पण ते पुढं बोलत राहिले. खांदा हा लोंबकळण्यासाठी, फेकण्यासाठी, पोचण्यासाठी केलेला सांधा आहे. मी त्याला कंबर आणि गुडघा करून वापरलं होतं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, परत खुर्चीत, आणि मधल्या वेळात बूड जखमी होऊ नये म्हणून दर अर्ध्या तासाला दोन्ही हात टेकून अख्खं अंग उचलायचं. बत्तीस वर्षं. हाडाचा गोळा वाटीत धरून ठेवणारे स्नायू फाटून विरले होते आणि गोळा वर सरकून हाडावर हाड घासत होता. खांदा बदलावा लागेल, आणि तोही उलटा बसवावा लागेल.

उलटा म्हणजे काय ते त्यांनी स्वतःची मूठ आणि माझा तळवा घेऊन समजावलं. माणसाच्या दंडाच्या हाडाला गोळा असतो आणि पाठीकडच्या हाडाला वाटी. नव्या खांद्यात गोळा पाठीकडे बसवतात आणि वाटी दंडाला, म्हणजे फाटलेल्या स्नायूंवाचून वरचा मोठा स्नायू एकटा हात उचलू शकतो. मला हे फार आवडलं. मी लगेच तारीख विचारली.

त्यांनी तारीख दिली नाही. ते म्हणाले, ऑपरेशननंतर तीन महिने त्या हातावर भार द्यायचा नाही. जरासुद्धा नाही. टेकायचं नाही, ढकलायचं नाही, अंग उचलायचं नाही. दिलात तर सांधा निसटेल, आणि निसटला की आत्तापेक्षा वाईट अवस्था होईल.

मी म्हणालो, चालेल.

ते म्हणाले, "मग संडासात कसे जाणार?"

मला हे बोलणं जरा खालच्या पातळीवरचं वाटलं. म्हणालो, होईल काहीतरी.

"घरी कोण आहे?"

"मी आहे."

"तुमच्याशिवाय, काका."

मुलगी लग्न होऊन नवापूरला आहे. मी बायकोचं सांगितलं, पण लगेच पुढं जोडलं की तिला उचलणं जमणार नाही, ती किडकिडीत आहे, तिला यात ओढायचं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना घेऊन या, आणि आधी घर तयार करा. घर तयार झालं की खांदा करू. खांदा दीड-दोन तासांचं काम आहे, घराला वेळ लागतो.

मी बायकोला सांगितलं की डॉक्टरांना तिला भेटायचंय, बहुधा ओळख म्हणून. तिनं गेल्या गेल्या मलमाच्या नळ्यांपासून सगळी हकिगत डॉक्टरांना इतकी तारीखवार सांगितली की ते लिहून घेत राहिले आणि माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

मग फिजिओथेरपीवाली मुलगी आमच्या गोडादऱ्याच्या घरी आली. जळगावची, मराठी बोलणारी. तिनं संडासाचं दार मोजलं, पलंगाची उंची मोजली, आणि माझ्या दंडांकडे बघून 'वा' वगैरे काही म्हणाली नाही. पलंगाखाली विटा घालून तो खुर्चीच्या उंचीला आणला. दाराची चौकट काढून पडदा लावला. आणि भाड्यानं आणलेला एक पाळणा घरात आला. लोखंडी उभा खांब, खाली चाकं, वर आकडा, आणि आकड्याला अडकवायची मजबूत कापडाची झोळी. माणसाला झोळीत बसवायचं, दांडा खालीवर करायचा, की माणूस वर. धान्याच्या दुकानात पोतं काट्याला टांगतात तसा.

ऑपरेशनआधी सराव हवा म्हणून त्या मुलीनं मलाच टांगायला लावलं. मी बायकोला सांगत होतो, जपून, तुला झेपणार नाही, दम खा. तिनं एका हातानं दांडा मारला. मी वर गेलो. दुसऱ्या हातानं तिनं पलंगावरची चादर सारखी केली. बत्तीस वर्षं मी जिला जड होऊ नये म्हणून झटलो होतो, तिनं मला चादर बदलता बदलता उचललं, आणि वर लटकलेला असताना मला विचारलं की उद्या भाजी काय करू.

राहिली खुर्ची. एका हातानं साधी खुर्ची चालत नाही, हे मी उतारावर सिद्ध केलंच होतं. तीन महिने बॅटरीची हवी. कतारगामच्या मित्राकडे त्याची जुनी खुर्ची पडून होती. मी फोन करून आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग हिऱ्यांच्या धंद्याची चौकशी केली. त्यानं मला पुरतं दमू दिलं आणि मग म्हणाला, "घोडा पाहिजे का?" दुसऱ्या दिवशी टेंपोत घालून पाठवली. चालवायची दांडी डाव्या बाजूला बसवून.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण मी नव्हतो तिथं. जागा झालो तेव्हा मानेत दिलेल्या इंजेक्शनानं उजवा हात नावालाही जाणवत नव्हता. उशीला पट्ट्यानं बांधलेला कोणाचा तरी हात माझ्या पोटावर ठेवलाय असं वाटलं आणि मी नर्सला तो उचलायला सांगितलं. ती म्हणाली, तुमचाच आहे. दोन पाय आधीच माझे नसल्यासारखे, आता हातही. उरला डावा हात आणि तोंड. बायकोचं मत होतं की तोंडाचंही काहीतरी करायला हवं होतं.

घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस दुखण्यात गेले. लघवीची नळी होती, जेवण डाव्या हातानं, म्हणजे निम्मं सदऱ्यावर. बूड उचलायचं काम आता बायकोकडे. ती खुर्ची मागं कलती करायची, मिनिटभर मला आढ्याकडे बघायला लावायची, मग सरळ करायची. ती माझी जुनी खुर्ची अंगणापर्यंत ढकलायची तेव्हा पाठीवरच्या त्या पाटीवर आपला टॉवेल टाकायची. मला वाटलं तिला पाटीचं वाईट वाटतं. ती म्हणाली, टॉवेल वाळायला दुसरी जागा नाही.

बॅटरीच्या खुर्चीवर पहिल्यांदा गल्लीत गेलो ते वांग्यांच्या हातगाडीवर. डाव्या हाताला सवय नव्हती. दांडी जरा पुढं लोटली आणि खुर्चीनं जीव घेऊन पळाल्यासारखी धाव घेतली. वांगी रस्ताभर झाली. भाजीवाला ओरडला नाही, हेच जास्त लागलं. तो म्हणाला, काका, सावकाश, कोणाला तरी बरोबर घेऊन येत जा.

आता पाचव्या आठवड्याची गोष्ट. ही मी बरेच दिवस कोणाला सांगितली नव्हती, पण बायकोनं सगळ्या गल्लीला सांगितल्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

शेठचा फोन आला की दुपारी भेटायला येतो. बायको दोन गल्ल्या पलीकडे बारशाला गेली होती, मला पलंगावर उशा लावून नीट बसवून. मी विचार केला, शेठनं मला पलंगावर बघावं का? पहेलवानाला? फार तर काय करायचं आहे, पलंगावरून शेजारच्या खुर्चीत सरकायचं आहे. मध्ये लाकडी फळी टाकायची, तिच्यावरून डाव्या हातानं अंग ओढायचं. आणि मी निवडली ती माझी जुनी खुर्ची. बॅटरीच्या खुर्चीत दिसणं म्हणजे पलंगावर दिसण्यासारखंच.

डावा ब्रेक लावला. उजवा ब्रेक उजव्या हाताला होता. तो राहिला. अर्ध्या फळीवर असताना खुर्ची दारासारखी उघडत बाजूला गेली, फळी निसटली, आणि मी पलंगाला पाठ घासत खाली जायला लागलो. त्या क्षणी उजवा हात गळ्यात अडकवलेल्या झोळीतून बाहेर आला. मी काढला नाही. बत्तीस वर्षांची सवय होती, तो आपणहून आला आणि फरशीवर टेकला. खांद्यात टक्क असा आवाज झाला. मी आजवर बऱ्याच गोष्टींना घाबरलो आहे आणि बहुतेक वेळा तसं दाखवलेलं नाही. त्या आवाजाला घाबरलो तेव्हा तोंडातून आईचं नाव गेलं.

हात लगेच पोटाशी घेतला. आता अडचण अशी की माझी पाठ हातांच्या आधाराशिवाय ताठ राहत नाही. एकीकडे कललो की परत सरळ होता येत नाही. पलंगाची कड डाव्या हातानं धरून मी कसाबसा बसलो होतो आणि ती पकड सुटत चालली होती. तेवढ्यात दार लोटून शेठ आले, हातात घारीच्या मिठाईचा डबा.

शेठ माणूस भला, पण वजनदार, साठी ओलांडलेला. त्यांनी मला काखेत धरून उचलायला हात पुढं केला. मी ओरडलो, खांद्याला हात लावू नका. मग कुठं लावू, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पडू देऊ नका एवढंच करा. शेठनी थोडा विचार केला, पलंगाला धरून कण्हत कण्हत खाली बसले, आणि आपली रुंद पाठ माझ्या पाठीला लावली. मग त्यांनी माझ्या फोनवरून बायकोला बोलावलं. बारशात आवाज फार होता. तिनं तिसऱ्या वेळी, वीस मिनिटांनी उचलला.

अर्धा तास आम्ही पाठीला पाठ लावून फरशीवर बसलो. एकमेकांची तोंडं दिसत नसली की माणसं बरं बोलतात. शेठनी विचारलं, दुखतं का. मी नेहमीसारखं नाही म्हणणार होतो, पण आत्ताच आईचं नाव घेऊन झालं होतं. म्हणालो, हो, चार वर्षं दुखत होतं. शेठ म्हणाले, "भाऊ, माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत."

मला कळेना कधी. दोन वर्षांपूर्वी शेठ महिना-दीड महिना नव्हते, पण ते चारधामला गेले होते. परत आल्यावर अख्ख्या मार्केटला प्रसाद वाटला होता, मीही खाल्ला होता. शेठ म्हणाले, प्रसाद चौकातल्या मिठाईवाल्याकडून आणला होता. दलालांना कळलं असतं की शेठ थकला, तर भाव पाडून मागितला असता. म्हणून चारधाम. वीस पायऱ्या चढता येत नसताना लोक विचारायचे, केदारनाथ कसं होतं, आणि ते वर्णन करून सांगायचे.

मी इतका हसलो की शेठना पाठ आणखी टेकवून धरावी लागली. मग लक्षात आलं आणि विचारलं, शेठ, तुम्ही उठणार कसे? ते म्हणाले, तोच विचार करतोय.

बायको आली तेव्हा बारशाची साडी नेसलेली होती. दारात उभी राहून तिनं दोघांकडे पाहिलं आणि पाळणा ओढत आणला. आधी मला टांगून पलंगावर ठेवलं. मग शेठकडे वळली. शेठ नको नको म्हणाले, भिंतीला धरून दोनदा प्रयत्न केला, आणि तिसऱ्यांदा झोळीत बसले. घारीचा डबा त्यांनी मांडीवर घेतला होता. तिनं त्यांना वर घेतलं आणि त्यांचे पाय नीट जमिनीला लागेपर्यंत हळूहळू खाली सोडलं. आमच्या शेठना उतारवयात इतक्या अदबीनं कोणी उतरवलं नसेल. जाताना ते बायकोला हात जोडून म्हणाले, बेन, हे मार्केटमध्ये नको.

ते गेल्यावर मी स्पष्टीकरण सुरू केलं. ती माझ्या हाताची झोळी पुन्हा बांधत होती. म्हणाली, "हाऊ खांदा तुमना एकलाना नही शे. आते मना बी शे." हा खांदा तुमच्या एकट्याचा नाही, आता माझाही आहे. आवाज चढवला नव्हता.

संध्याकाळी फोटो काढला. डॉक्टरांनी विचारलं, हात टेकलात का? मी म्हणालो, तसं टेकला असं नाही. बायको म्हणाली, टेकला. डॉक्टरांनी तिचं लिहून घेतलं. सांधा जागेवर होता. नशीब, बाकी काही नाही, असं ते म्हणाले, आणि हाताची झोळी दोन आठवडे वाढवून दिली.

तीन महिन्यांचे साडेतीन झाले. आता उजव्या कुशीवर झोपतो. शर्ट स्वतः घालतो. हात कानापर्यंत जातो, त्याच्या वर नाही, आणि मागं पाठीवर अजिबात नाही, त्यामुळे खाजेसाठी बायकोलाच हाक मारावी लागते. डॉक्टरांनी जन्मभराचे नियम दिले आहेत. हातांनी चढ चढायचा नाही, उठबस कमीत कमी, फळी आणि पाळणा सोडायचा नाही, बाहेर बॅटरीची खुर्ची. मित्रानं त्याची जुनी खुर्ची परत घेतली नाही. मार्केटच्या उतारावर आता मी बोट हलवून चढतो, आणि वर पोचल्यावर लांबलचक वाक्यं बोलतो. हमाल अजून पहेलवानच म्हणतात. कशावरून म्हणतात, ते मी विचारत नाही. डावा खांदाही कुरकुरतो. ते मी दुखायला लागल्याच्या दिवशीच बायकोला सांगितलं. तिनं वहीत लिहिलं.

मागच्या महिन्यात फिजिओथेरपीवाल्या मुलीनं मला बोलावलं. उधन्याच्या एक शाळामास्तरीण आहेत, पंचवीस वर्षं खुर्चीत, दोन्ही खांदे गेलेले, ऑपरेशनला तयार नाहीत. जरा समजवा, म्हणाली. मी नवा सदरा घालून, बायकोला बरोबर घेऊन गेलो आणि माणसानं वेळेवर मदत मागायला कसं शिकलं पाहिजे यावर बराच वेळ बोललो. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, हात किती वर जातो ते दाखवा. मी दाखवला.

"इतकाच?"

"इतकाच," मी म्हणालो. "पण दुखत नाही."

त्यांनी माझ्या कानाशी थांबलेल्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. फळ्यावर लिहायला त्यांना किती उंची लागते, याचा त्या हिशेब करत असाव्यात. मग त्या माझ्या बायकोकडे वळल्या आणि विचारलं की पाळण्याचा दांडा मारायला जोर किती लागतो, आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला, जिला दमा आहे, ते जमेल का. त्या दोघी अर्धा तास बोलल्या. मला कोणी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात कळवते, असं बाई म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही.